मायच्या पुरचुंड्या

जळगावच्या एका फार्मसी कॉलेजाने मागच्या वर्षी मला व्याख्यानाला बोलावलं. विषय त्यांनीच दिला होता: कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांच्या चाचण्यांचे निकाल कसे वाचावेत. मी धुळ्यात संख्याशास्त्र शिकवते. औषधांतलं मला फार कळत नाही, पण निकाल वाचणं हे आमचंच काम आहे असं माझं ठाम मत आहे आणि ते मी कुणी न विचारता सांगत असते. मी गेले, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बांधलेल्या पुरचुंड्या टेबलावर मांडल्या आणि एका चाचणीची हकिगत सांगायला लागले. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, या चाचणीत पेशंट किती होते?"

"एक," मी म्हणाले. "माझी माय."

सगळा वर्ग हसला. मी त्यांना हसू दिलं, कारण त्यांच्या आधी मीही हसलेच होते.

माय पारोळ्याजवळच्या आमच्या गावात राहते. शिक्षण चौथी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ सुरतला, मी धुळ्यात. पाच एकर कोरडवाहू ती एकटी पाहते. कापूस लावते, रब्बीला दादर पेरते, म्हणजे भाकरीची देशी ज्वारी. तीन वर्षांपूर्वी तिच्या छातीत कळ आली, धुळ्याला आणलं, रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली आणि आठवड्याने ती घरी गेली. सोबत चार गोळ्या आल्या. त्यातली एक कोलेस्टेरॉलची. ती कायमची घ्यायची, असं डॉक्टरांनी तिला दोनदा आणि मला तीनदा सांगितलं होतं.

मला कुठेही गेलं की वस्तू मोजायची खोड आहे. त्या हिवाळ्यात गावी गेले तेव्हा भिंतीतल्या देवळीतली औषधांची पिशवी हाताला लागली. बाकी पाकिटं तारखेप्रमाणे बरोबर संपत आलेली, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मात्र निम्म्या शिल्लक. म्हणजे माय एक दिवस घेते, एक दिवस टाळते, किंवा मनाला येईल तशी घेते. पुन्हा झटका आला तर गावातून धुळ्याला पोचायला किती वेळ लागतो हे मी एकदा पाहिलं होतं. मी आवाज चढवला.

"माय, हाई काय शे?"

ती दादर पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "काय नही. ओळी सोडेल शेत."

हे ऐकून मी आणखी भडकले, कारण ओळी सोडल्या आहेत म्हणजे काय, ते मला कळलं होतं. माय शेतात कोणतंही नवीन औषध सगळीकडे कधीच फवारत नाही. मधोमध चार ओळी तशाच सोडते. बांधाकडच्या सोडत नाही, कारण बांधाकडच्या ओळीला वारा, ऊन, शेजाऱ्याचं पाणी सगळंच जास्त मिळतं आणि ती फसवते. मग वेचणीला दोन्हीकडचा कापूस वेगळा जोखते आणि औषध खरं की खोटं ते ठरवते. पारोळ्याचे खतं-औषधं विकणारे दुकानदार तिला दुरून नमस्कार करतात. नवा माल पहिल्यांदा तिच्या गळ्यात मारायची हिंमत त्यांच्यात नाही.

तर आता तिने स्वतःच्या आयुष्यात ओळी सोडल्या होत्या. गोळी सुरू झाल्यापासून पोटऱ्या आणि मांड्या दुखतात असं तिला वाटत होतं. म्हणून एक आठवडा गोळी, एक आठवडा बंद. संध्याकाळी पाय दुखले असतील तर एक सरकी डब्यात टाकायची. गोळीच्या आठवड्याचा डबा वेगळा, बंदचा वेगळा. तिने दोन्ही डबे माझ्यापुढे उपडे केले. गोळीकडची सरकी दुप्पट तरी होती.

डॉक्टरांना विचारलं का, म्हटलं तर म्हणाली, त्यांना काय विचारायचं, पाय माझे आहेत.

त्या दुपारी मी तिला व्याख्यान दिलं. वीस वर्षं वर्गात उभी राहिल्यावर माणसाला समोरचा विद्यार्थी आहे की माय, याचं भान राहत नाही. जगभर हजारो लोकांवर चाचण्या झाल्या आहेत, या गोळ्यांनी धोका एक तृतीयांश कमी होतो असं समज, असं मी ठोकून दिलं. माझ्या विद्यार्थ्यांनी असं अर्धवट वाक्य लिहिलं असतं तर मी लाल रेघ ओढली असती.

मायने सूप बाजूला ठेवलं. "कितला मानसंमाईन कितला?"

किती माणसांपैकी किती! हाच प्रश्न विचारायला मी मुलांना वर्षभर शिकवते, आणि वर्षाच्या शेवटी चार जण विचारतात. मग मी नीट बसून सांगितलं. आकडे समजण्यापुरते घेतले. समज, एका गावात तुझ्यासारखी, एकदा झटका येऊन गेलेली शंभर माणसं आहेत. गोळी नाही घेतली तर काही वर्षांत बारा जणांना पुन्हा त्रास झाला, घेतली तर आठ जणांना. बारातले चार वाचले, म्हणजे तिसरा हिस्सा. आता दुसऱ्या गावात धडधाकट शंभर माणसं. तिथे तिघांऐवजी दोघांना झाला. तिसराच हिस्सा वाचला, पण माणूस एकच. जाहिरातवाला दोन्ही गावांत तिसरा हिस्सा म्हणूनच ओरडणार.

तिने ते शेतावर बेतून पाहिलं. "म्हंजे जठे कीड जास्ती, तठे औषध दिसस."

"हो."

"अन् मी कीडवाला गावमा शे."

"हो माय."

हे वाक्य मी तेव्हापासून दरवर्षी फळ्यावर लिहिते. पुस्तकातल्या अडीच पानांचं काम त्यात होतं. पण तिचं संपलं नव्हतं. तिने विचारलं, "ज्यासनी गोळी मधमाच सोडी दिधी, त्या कोनता डब्बामा मोजात?"

हा प्रश्न कसा सुचला म्हणून विचारलं तर तिला माझीच कीव आली. बियाणंवाला येऊन सांगतो, अमक्या वाणाच्या एका झाडाला इतकी बोंडं लागतात. पण तो फक्त उभी राहिलेली झाडं मोजतो. न उगवलेलं, उगवून मेलेलं धरतच नाही. म्हणून तिचा नियम होता: "लायेल बी मोजानं, उगेल नही." मी तिला सांगितलं की चांगल्या चाचणीत हाच नियम असतो. सुरुवातीला ज्याला ज्या बाजूला घातला तो शेवटपर्यंत त्याच बाजूला मोजतात, मग त्याने गोळी खाल्ली असो की उकिरड्यावर फेकली असो. तिने मान हलवली आणि ही चाचणी करणारी माणसं शहाणी दिसतात असं प्रशस्तिपत्रक दिलं. मला वाटलं, लढाई जिंकली.

"ते बठ्ठा लोकेस्नं व्हयनं," ती म्हणाली. "मना पायनं काय?"

आणि तिच्या पायांचं काय, इथेच सगळं अडलं होतं. गोळीचा फायदा तिने अर्ध्या तासात मान्य केला होता. पण पाय गेले तर शेत गेलं, आणि शेत गेलं तर ती जगून काय करणार, हे ती उघड बोलत होती. गोळीने खरंच पाय दुखत असतील तर डॉक्टर गोळी बदलतील, मात्रा कमी करतील, काहीतरी वाट निघेल. दुखत नसतील तर ती उगाच जिवाशी खेळत होती. यातलं कोणतं खरं ते तिच्या डब्यांतून कळत नव्हतं, कारण त्या डब्यांत एक मोठी खोट होती. मी ती सांगितली आणि तोंडघशी पडले.

मी म्हणाले, "माय, कोणत्या आठवड्यात गोळी आहे हे तुले माहीत व्हतं." आणि पुढे जाऊन हेही सांगितलं की चाचण्यांमध्ये काही लोकांना नुसती दिसायला तशी, आत औषध नसलेली गोळी देतात, आणि पाय दुखण्याची तक्रार त्यांच्यातलेही बरेच जण करतात.

"म्हंजे मी खोटं बोली राहिनू?"

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. भाकरी वाढायची, पण ताटाकडे बघून. मी मनातल्या मनात स्वतःला चांगलं झापलं. शहाण्या माणसाला आपलं म्हणणं बरोबर असलं की ते कसं सांगावं याची फिकीर राहत नाही, आणि मी तर पगार घेऊन शहाणी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याच्या गाडीची वाट बघत फाट्यावर उभी होते. ती सोबत आली होती. अचानक तिने कापूस वेचणाऱ्या बायकांची गोष्ट काढली. पूर्वी ती सोडलेल्या ओळींच्या तोंडाशी काठीला चिंधी बांधायची. मग तिच्या लक्षात आलं की फवारलेल्या ओळीत माल जास्त असणार म्हणून बायका तिथे बोंड न् बोंड शोधतात, आणि चिंधीच्या ओळीतून भराभर पुढे सरकतात. कुणी लबाडी करत नव्हतं. हात आपोआप तसे चालत होते. तेव्हापासून तिने चिंधी काढली. ओळी फक्त तिच्या डोक्यात.

"मना पायले चिंधी दिखनी व्हई," ती म्हणाली. "ती काढता ई का?"

गाडी आली. मी पारोळ्याच्या पुढे जाईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते आणि माझे डोळे सारखे भरून येत होते. माझ्या मायचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

तिचे डॉक्टर धुळ्यातले, वयाने माझ्याहून लहान. आधी त्यांनी मला धारेवर धरलं, जणू गोळ्या मीच बंद केल्या होत्या. मग सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे टेकून हसले. ती मनाने सोडणारच असेल तर माझ्या नजरेखाली सोडू दे, म्हणाले. त्यांनी आधी रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, आणि अटी घातल्या. आठच आठवडे. बाकीच्या तीन गोळ्यांना हात लावायचा नाही. छातीत जरा जरी वेगळं वाटलं तर चाचणी तिथेच संपली आणि सरळ इकडे यायचं. आणि हे तिच्यापुरतं. गावात कुणाला सांगत फिरायचं नाही. मी सगळं कबूल केलं.

औषधांच्या ठोक दुकानातून मोठ्या रिकाम्या कॅप्सूल मिळाल्या. त्यांतल्या निम्म्यांत गोळी आणि वर थोडं ज्वारीचं पीठ, निम्म्यांत नुसतं पीठ. हे काम मी केलं नाही. मला कळलं असतं तर फोनवरच्या माझ्या आवाजावरून मायला कळलं असतं. तिच्यापासून मी आजवर काही लपवू शकलेली नाही. म्हणून माझ्या नवऱ्याने चिठ्ठ्या टाकून आठवडे ठरवले, चार गोळीचे, चार पिठाचे, आणि एका रविवारी चष्मा लावून छप्पन्न कॅप्सूल भरल्या. पीठ त्याने गिरणीतून आणलं. चिठ्ठीचा कागद पाकिटात घालून त्याने डॉक्टरांकडे दिला. त्याने लावून दिलेल्या क्रमाने मी मायने फाडून दिलेल्या जुन्या लुगड्याच्या आठ चिंध्यांत सात-सात कॅप्सूल बांधल्या आणि एक ते आठ आकडे घातले. मायने रोज एक कॅप्सूल घ्यायची आणि पाय दुखले तर त्याच चिंधीत सरकी टाकायची, असं ठरलं.

ते आठ आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. रोज फोन करायची आणि पायांबद्दल विचारायचं नाही असं ठरलेलं असल्याने दादर, शेजारीण आणि भावाची मुलं यांच्यावर बोलत बसायची. छातीत काही होत नाही ना, एवढं मात्र रोज विचारायची. ती दरवेळी नाही म्हणायची.

नवव्या आठवड्यात आम्ही चौघांनी, म्हणजे माय, मी, नवरा आणि डॉक्टर, त्यांच्या खोलीत बैठक भरवली. मायने नवं लुगडं नेसलं होतं. तिने पुरचुंड्या ओळीने मांडल्या. सात एका गाठीच्या होत्या. तिसरीला दोन गाठी मारलेल्या.

"हाई धरू नको," तिसरीवर बोट ठेवून ती म्हणाली. "मी एक फोडी दखी. गोळी नही व्हती. पीठ व्हतं." मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अन् तेबी दादरनं नही, हायब्रीडनं."

जावई कानापर्यंत लाल झाला. डॉक्टरांनी तोंडावर हात धरला. मी मात्र हसले नाही. मी विचारलं, तिसऱ्या आठवड्यापासून तुला माहीत होतं, मग फोनवर का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुझं पुढचं बिघडलं असतं. फोडली ती एकच, पुन्हा हात लावला नाही. आणि सगळ्यात शेवटी, जरा खालच्या आवाजात म्हणाली की पीठ आहे हे माहीत असूनही त्या आठवड्यात पाय दुखलेच होते.

म्हणजे तिचं उत्तर तिला पाच आठवड्यांपूर्वीच मिळालं होतं. तरी उरलेले पाच आठवडे तिने रोज संध्याकाळी इमानाने सरकी टाकली, आणि ज्या आठवड्याने तिला पटवलं तोच आठवडा ती बाजूला काढत होती, कारण तो नियमाने आला नव्हता. शिकलेली माणसं नको असलेले आकडे कसे गुपचूप गाळतात आणि हवे असलेले कसे पुढे करतात, हे मी माझ्या धंद्यात पुष्कळ पाहिलं आहे. चूक झाली तर गाठ मारून दाखवणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते, आणि ते माझ्याच घरचं होतं. मला उभं राहून सगळ्या दवाखान्याला ओरडून सांगावंसं वाटलं.

त्याऐवजी मी तिचाच नियम तिला ऐकवला. "माय, लायेल बी मोजानं. टाकायचा नाही. तिसरा धरून एकदा मोजू आणि सोडून एकदा मोजू, आणि दोन्ही सांगू."

ते तिला पटलं. डॉक्टरांनी पाकीट फोडलं, मी सरकी मोजली. कशीही मोजली तरी निकाल तोच निघत होता. गोळीच्या आणि पिठाच्या आठवड्यांच्या सरासरीत फारसा फरक नव्हता. तिसरा आठवडा धरला तर उलट पिठाकडे दोन सरक्या जास्त होत्या.

मायने गंभीरपणे डॉक्टरांना विचारलं, "मंग आते भाकर सोडी देऊ का?"

डॉक्टर इतके हसले की बाहेरून कंपाउंडर डोकावून गेला. मी तिला सांगितलं, या आठ पुरचुंड्यांवरून एवढंच म्हणता येतं की गोळी सोडून तुझ्या पायांना काही मिळत नाही. हृदयाचं यातून काहीच कळत नाही. त्याला आठ आठवडे आणि एक माणूस पुरत नाही, त्याच्यासाठी ती हजारो माणसांची चाचणीच बघायची. आणि दुसऱ्या कुणाच्या पायांनाही हे लागू नाही. गोळीने खरंच ज्यांचे स्नायू दुखतात असेही लोक असतात. तिने सगळं ऐकलं आणि टेबलावरचं गोळ्यांचं पाकीट उचलून स्वतःच्या पिशवीत टाकलं. त्या दिवसापासून तिची एकही गोळी चुकलेली नाही. मी दर महिन्याला मोजते.

परत जाताना मी तिला गावापर्यंत सोडायला गेले. गाडीत मी खुशीत होते, सारखी बडबडत होते. बोलता बोलता म्हणून गेले, बघ, दुखणं शेवटी मनाचंच निघालं.

"मननं नही," ती म्हणाली. "पाय दुखेत ते खरंच दुखेत. गोळीनं नही दुखेत, इतलंच."

मी चूक कबूल केली. थोडं अंतर गेल्यावर ती पुन्हा बोलली, रागाने नाही, दादरच्या भावाबद्दल बोलावं तशी. "गोळीना आगोदरबी दुखेत. तू कधी इचारं?"

मी विचारलं नव्हतं. औषध देण्याआधीची स्थिती नोंदवल्याशिवाय औषधानंतरच्या नोंदीला अर्थ नाही, हे मी पहिल्याच तासाला शिकवते. माझ्या मायचे पाय वीस वर्षं दुखत असतील, तीस वर्षं असतील. गोळी आली म्हणून त्यांची पहिली सरकी पडली. मी त्याआधी दर दिवाळीला जात होते, तिच्या हातचं खात होते, देवळीतल्या वस्तू मोजत होते. पुढच्या आठवड्यात तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. गुडघे झिजलेले, रक्त कमी, दोन्हींवर इलाज सुरू झाला. आता फोनवर मी पहिला प्रश्न पायांचा विचारते.

जळगावचं बोलावणं आलं तेव्हा मी पुरचुंड्या मागायला गावी गेले. तुझ्या चाचणीवर कॉलेजात बोलणार आहे म्हटल्यावर तिने फार काही दाखवलं नाही, पण संध्याकाळपर्यंत चार शेजारणींना ती बातमी ठाऊक झाली होती. तिने आठ पुरचुंड्या मोजून दिल्या. मग त्याच लुगड्याची आणखी एक चिंधी फाडली, तिला गाठ मारली आणि माझ्या हातात ठेवली. आत काही नव्हतं.

ती मी त्या दिवशी टेबलावर सगळ्यांच्या आधी मांडली होती. व्याख्यान संपल्यावर हात वर करणारी ती पहिल्या रांगेतली मुलगी पुढे आली. तिने एकेक पुरचुंडी उचलून पाहिली आणि विचारलं, "मॅडम, आठवडे आठ होते ना? मग ही रिकामी कसली?"

मायने जे सांगायला सांगितलं होतं ते मी तिच्याच शब्दांत सांगितलं. "हाई गोळीना आगोदरनी शे. त्या पोरेस्ले सांग, गोळी देवाना आगोदर इचारी ल्या, पाय दुखतस का."